ब्याऐंशी मिलिसेकंदांचा उशीर

सोसायटीच्या सभेत एखाद्या गोष्टीचं कारण आपल्याला माहीत असलं तरी ते बोलून दाखवू नये. एवढं एक पथ्य पाळलं असतं तर इंचरावांचे ते पंधरा दिवस सुखात गेले असते. पण जीभ आवरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

इंचराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जमीन मोजणीच्या कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला मेव्हण्याने थट्टेत ठेवलेलं ते नाव. इंचराव आधी त्यावर रागावले, मग त्यांनी महिनाभर मेव्हण्याशी बोलणं टाकलं, आणि तोवर ते नाव वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

सभेत विषय निघाला होता बायकांच्या गाण्याचा. सोसायटीतल्या वीस-बावीस बायकांचं एक समूहगान मंडळ होतं आणि रस्त्याच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक सभागृहात वर्षातून एकदा त्यांचा कार्यक्रम होई. सभागृह लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे स्टेजच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर, आणि मागच्या रांगांसाठी मधल्या दोन खांबांवर दोन छोटे. गेल्या वर्षी मागे बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला होता. इंचरावांचे सासरे वय वर्षं ब्याऐंशी, कानात यंत्र. त्यांना दारापाशी, शेवटच्या रांगेतच बसायचं असतं. कार्यक्रम संपल्यावर ते मंडळात गाणाऱ्या आपल्या लेकीला, म्हणजे इंचरावांच्या बायकोला, म्हणाले होते, "छान झालं हो. पण दर ओळ दोनदा कशाला म्हणता? एकदाच म्हटली असती तर लवकर घरी आलो असतो."

लेक त्यावर हसली होती. पण त्या संध्याकाळी ती जेवली नव्हती, हे फक्त इंचरावांना ठाऊक होतं.

"सभागृहच खराब आहे," अध्यक्ष म्हणाले. "आवाज घुमतो."

"पडदे लावा," तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. दातांचे असले तरी त्यांचा सल्ला शरीराच्या आणि जगाच्या कुठल्याही भागाला चाले.

आणि इंचरावांच्या तोंडून निघून गेलं, "सभागृहाचा काही दोष नाही. स्टेजवरचा आवाज हवेतून चालत मागे जातो, त्याला वेळ लागतो. तोच आवाज तारेतून खांबावरच्या स्पीकरला त्याच क्षणी मिळतो. म्हणजे मागच्या माणसाला आधी खांबावरून ऐकू येतं आणि मग स्टेजवरून. खांबावरच्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावला, की झालं."

सभेत शांतता पसरली. ही शांतता कौतुकाची आहे असं इंचरावांना वाटलं. ती सुटकेची होती.

"मग यंदा आवाजाचं सगळं तुमच्याकडे," अध्यक्ष म्हणाले, आणि चिटणीसांनी ते लिहूनही घेतलं.

घरी बायकोने ऐकलं आणि हातातला टॉवेल घडी न घालता तसाच खुर्चीवर टाकला. ती घडी न घालता टॉवेल टाकते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"अहो, यंदा मला एकटीचं गाणं दिलंय. पहिल्यांदा. तुम्हाला माहीत आहे ना?"

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच म्हणतेय, तुम्ही यात पडू नका."

"मी पडलेलो नाही. मला नेमलंय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सभागृह झाडण्यासाठी उघडं होतं. इंचराव कचेरीतली तीस मीटरची फीत घेऊन गेले. फितीचं दुसरं टोक धरायला दातांचे डॉक्टर आपणहून आले. इंचरावांनी त्यांना स्टेजवरच्या स्पीकरच्या जागी उभं केलं आणि स्वतः खांबाकडे चालत गेले. फीत ताणली. सव्वीस मीटर. खात्रीसाठी पुन्हा ताणली. साडेतेवीस. तिसऱ्यांदा एकवीस.

इंचरावांनी मान वळवून पाहिलं तर डॉक्टर फितीचं टोक हातात धरून, झाडणाऱ्या बाईंच्या अक्कलदाढेची चौकशी करत हळूहळू त्यांच्यामागे सभागृहभर फिरत होते.

"डॉक्टर, हलू नका हो!"

"हललो कुठे? टोक हातातच आहे की."

शेवटी इंचरावांनी टोकावर वीट ठेवली. वीट एका जागी राहिली आणि तिने काही सुचवलंही नाही. चोवीस मीटर, चार सेंटिमीटर. चार सेंटिमीटर त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिले. आवाजाला चोवीस मीटर जायला सत्तर मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले सत्तर. त्यावर आणखी बारा. कारण स्टेजवरचा आवाज किंचित आधी पोचला, की कान फसतो आणि सगळा आवाज स्टेजवरूनच येतोय असं मानतो. सत्तर आणि बारा ब्याऐंशी. इंचरावांनी आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता राहिले माइकवाले. हे गृहस्थ चाळीस वर्षं गावभर माइक लावत आले होते. लग्नं, उद्घाटनं, निरोपसमारंभ, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या दुकानात स्पीकरच्या खोक्यावर बसून इंचरावांनी त्यांना सगळं समजावलं.

"साहेब," माइकवाले शांतपणे म्हणाले, "आवाज काय चालत जातो?"

"चालतच जातो. सेकंदाला तीनशे चाळीस मीटर."

"मग चालत कुठे? पळतच की."

"पळतो म्हणा. पण वेळ लागतो."

"चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगतोय ना."

माइकवाल्यांनी इंचरावांकडे असं पाहिलं, की इंचरावांना वाटलं आपण आवाजाची नव्हे तर ह्यांच्या वडिलांची बदनामी केली. पण आवाजाचं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यावर डिले, म्हणजे आवाजाला उशीर, लावायची सोय होती. आजवर त्यांनी ती फक्त पाहुण्यांच्या भाषणाला वापरली होती. 'मित्रांनो' म्हटलं की 'त्रांनो, त्रांनो' असा आवाज निघे आणि पाहुणे खूश होत.

"तेच बटण," इंचराव म्हणाले. "फक्त अकलेने."

हा शेवटचा शब्द त्यांनी वापरायला नको होता. त्यानंतर माइकवाले त्यांना 'साहेब' ऐवजी 'इंजिनियरसाहेब' म्हणू लागले, आणि तो मान नव्हता.

खांबावर स्पीकर टांगायचे तर सभागृहाच्या कार्यालयात लेखी अर्ज हवा. इंचराव स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे त्यांनी अर्ज असा लिहिला की कुणालाही बोट ठेवायला जागा राहू नये. 'मागील ध्वनिक्षेपकांस ब्याऐंशी मिलिसेकंद इतका विलंब देण्यात येईल,' हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्यांना ते आवडलं.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"विलंब कशाला?"

"आवाजाला."

"म्हणजे कार्यक्रम उशिरा सुरू होणार."

"नाही हो! कार्यक्रम वेळेवरच. फक्त मागचा आवाज सेकंदाच्या बाराव्या भागाइतका उशिरा."

"म्हणजे विलंब आहे."

"आहे, पण..."

"विलंब असेल तर रकाना क्रमांक नऊ." कारकुनाने रजिस्टर फिरवून दाखवलं. "यात कमीत कमी अर्धा तास आहे. त्याखाली घेता येत नाही."

"मग शून्य लिहा."

"शून्य कसं लिहू? तुम्हीच सहीनिशी विलंब आहे म्हणून लिहून दिलंय. उद्या तपासणी आली तर उत्तर कुणी द्यायचं?"

 इंचरावांना जास्त वाईट कशाचं वाटलं असेल तर याचं, की तीस वर्षांत त्यांनी स्वतः खिडकीच्या त्या बाजूला बसून हेच वाक्य निदान हजार माणसांना ऐकवलं होतं. अर्धा तास विलंब मंजूर झाला, शिक्का बसला. आपल्याला परवानगी मिळाली एवढंच डोक्यात ठेवून ते घरी आले. तो अर्धा तास कागदावरच राहील अशी त्यांची समजूत होती.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तालीम झाली आणि ती दृष्ट लागण्यासारखी झाली. यंत्रावर ब्याऐंशी लावले. इंचरावांनी स्टेजवरून लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटायला लावले, 'टक्', आणि शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकलं. एकच 'टक्'. दोन नाही. मग आवाजाची पातळी. खांबावरचे स्पीकर त्यांनी इतके हळू ठेवले, की स्टेजवरच्या आवाजाला नुसता हात द्यावा.

डॉक्टर थेट खांबाखाली जाऊन उभे राहिले आणि कान वर केला. "हे जरा वाढवायला पाहिजे."

"नको."

"जरासं."

"डॉक्टर, मी तुम्हाला दाढ कशी उपटायची ते सांगतो का?"

"सांगितलं होतंत. मार्चमध्ये."

ते खरं होतं, म्हणून इंचरावांनी विषय बदलला. माइकवाल्यांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कपाळावरच्या आठ्या सैल केल्या, स्वतःच दोनदा ठोकळे वाजवून पाहिले आणि केबल गुंडाळली.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सुरुवात पाच वाजता, म्हणून सभागृह तीनला उघडणार आणि दोन तास जुळवाजुळव करायची असं ठरलं होतं. तीन वाजता इंचराव, माइकवाले, स्पीकर, मंडळातल्या बायका आणि अध्यक्ष असे सगळे दारात उभे. दाराला कुलूप. शेजारी स्टुलावर पहारेकरी, खिशात किल्ली.

"साडेतीनला," पहारेकरी म्हणाला. "अर्धा तास विलंब मंजूर आहे. कागद आलाय."

पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बावीस बायकांनी एकाच वेळी इंचरावांकडे पाहिलं. इतका सूर त्यांचा तालमीतही कधी जुळला नव्हता.

इंचरावांनी पहारेकऱ्याला समजावलं. मग विनवलं. मग सेकंदाचे हजार तुकडे करून त्यातले ब्याऐंशी म्हणजे किती, हे चुटकी वाजवून दाखवलं. पहारेकऱ्याने चुटकी ऐकली, घड्याळ पाहिलं आणि साडेतीनला कुलूप उघडलं.

त्यानंतर सगळी पळापळ. स्पीकर टांगेपर्यंत पावणेपाच झाले. मंडळींनी खुर्च्या धरायला सुरुवात केली. माइकवाल्यांनी टेबलावर यंत्र ठेवलं आणि इंचराव दोन पावलं पुढे आले.

"हे ते नाही."

"ते एका लग्नात अडकलंय. हा त्याचा धाकटा भाऊ समजा. कंपनी तीच, बटणं तीच."

बटणं खरोखर तीच होती. इंचरावांनी वही उघडली, दोन रेघा ओढलेला आकडा पाहिला आणि लावला. ब्याऐंशी. ठोकळे घेऊन स्टेजकडे निघाले तोच अध्यक्षांनी दंड धरला. "आता काय ठोकाठोक करताय? माणसं बसलीयेत." पाच वाजले होते.

अध्यक्ष माइकसमोर उभे राहिले. "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," ते म्हणाले.

"...दोन शब्द बोलणार आहे," खांब म्हणाले.

मागच्या रांगा हसल्या. अध्यक्ष थबकले. आपलं बोलणं कुणीतरी मागे बसून वेडावतंय असं त्यांना वाटलं. "शांतता राखा," ते म्हणाले. "...तता राखा," खांबांनी बजावलं. गेल्या वर्षी शब्द नुसते दोनदा ऐकू आले होते. यंदा त्यांच्या मध्ये माणूस जांभई देऊ शकेल एवढी जागा होती.

इंचराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान आधी लाल झाले आणि मग पांढरे पडले. वहीतला आकडा त्यांनी पुन्हा पाहिला. ब्याऐंशी. यंत्राकडे जावं तर मधे खुर्च्या, गुडघे, पर्सा आणि सल्ले. "स्पीकर उलटे लावलेत," कुणी म्हणालं. "खिडक्या उघडा," कुणी म्हणालं.

मंडळाचं पहिलं समूहगीत सुरू झालं. पुढच्या ओळीतल्या बायका साथीबरोबर गेल्या. मागच्या ओळीतल्यांना खांबावरून परत येणारा आवाज जास्त ऐकू येत होता, त्या त्याच्याबरोबर गेल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत दोन वेगवेगळी गाणी झाली. इंचरावांच्या बायकोने गाता गाता सभागृहावरून नजर फिरवली आणि ती बरोबर इंचरावांवर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. शेवटच्या रांगेत सासऱ्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं होतं.

मग मात्र इंचरावांनी अब्रूचा विचार सोडला. तीन रांगांमधून, एकाच्या पायावर आणि एकीच्या पर्सवर पाय देत ते टेबलापाशी पोचले.

"इंजिनियरसाहेब," माइकवाले म्हणाले, "तुम्ही लावलेत तेवढेच आहेत. मी हात लावलेला नाही. डिलेला. मागचा आवाज तेवढा वाढवलाय. ते डॉक्टर चार वेळा येऊन गेले."

इंचराव यंत्रावर वाकले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. ब्याऐंशी. आणि त्या आकड्याच्या शेजारी एक बारीक इंग्रजी एम. नुसता एम. मिलिसेकंदाला एमच्या पुढे एस असतो. इथे एस नव्हता.

"हे मीटर आहेत," इंचराव म्हणाले.  थोरला भाऊ वेळ विचारत होता, धाकटा अंतर. स्टेजपासून खांबापर्यंतचं अंतर त्यांनी यंत्राला ब्याऐंशी मीटर सांगितलं होतं. स्पीकर जणू मागच्या गल्लीत टांगले होते.

या माणसाने तीस वर्षांत किती नकाशे परत पाठवले असतील! 'आकड्यापुढे परिमाण लिहिलेले नाही, सबब अमान्य.' म्हाताऱ्या माणसांना त्याने त्यासाठी दुसऱ्यांदा हेलपाटा घालायला लावला होता. आणि वहीत दोन रेघांच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, ब्याऐंशी. फक्त ब्याऐंशी.

"किती करायचं?" माइकवाल्यांनी विचारलं. हसले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांच्याही हातून असं काहीतरी झालं असणार.

"चोवीस मीटर. आणि बारा मिलिसेकंदांचे चार मीटर. अठ्ठावीस."

स्टेजवर बायका रांग बदलत होत्या, साथीदार वाद्यं लावत होते. माइकवाल्यांनी अठ्ठावीस लावले. मागच्या आवाजाची पट्टी त्यांनी हळूहळू खाली आणली आणि इंचरावांनी 'बस' म्हणताक्षणी बोट उचललं. डॉक्टर पाचव्यांदा येताना दिसले. माइकवाले उठले आणि आपलं रुंद शरीर त्यांनी टेबल आणि डॉक्टर यांच्या मधोमध उभं केलं.

इंचरावांची बायको एकटी माइकसमोर आली. ठोकळे वाजवून बघायला आता सवड नव्हती. इंचराव भिंतीकडेने जवळजवळ धावतच शेवटच्या रांगेपाशी गेले, सासऱ्यांच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि खुणेनेच विनवलं. सासऱ्यांनी नाखुशीने ते कानात घातलं.

तिने सूर लावला.

चोवीस मीटर आणि त्यापुढच्या आठ रांगा ओलांडून तो आला तो सरळ तिच्या तोंडून. खांबावरून नाही, भिंतीवरून नाही. एकदाच. ओळ संपताना ती श्वास घ्यायची तोही ऐकू येत होता. स्वयंपाकघरात, जिन्यात, आंघोळीच्या दाराआडून हा आवाज इंचरावांनी पंचवीस वर्षं ऐकला होता, पण तो इतका मोठा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.  पायऱ्यांवर उभा असलेला पहारेकरी आत आला आणि दाराशी थांबला.

सासरे स्टेजवरून नजर न काढता म्हणाले, "ही आज इथे माझ्यापाशी येऊन गातेय का काय?"

टाळ्या बराच वेळ चालल्या.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांनी इंचरावांना गाठलं. "शहाणपणा केलात," डॉक्टर म्हणाले. "शेवटी ते मागचे बंद केलेत ना? मी केव्हाचा सांगत होतो."

"तुम्ही वाढवा म्हणत होतात!"

"वाढवा, नाहीतर बंद करा. अर्धवट ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं होतं."

"पहिला अर्धा तास तुमच्या त्या डब्यांनी घालवला," अध्यक्ष म्हणाले. "बंद केल्याबरोबर बघा कसं झालं! पुढच्या वर्षी मागे काही टांगायचंच नाही, पुढच्या सभेत ठरावच करू."

"ते बंद नव्हते!" इंचराव ओरडले. "चालू होते! म्हणूनच तर..."

"हो, हो," अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. माणूस चुकला की असं ओरडतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

आत माइकवाले केबल गुंडाळत होते. इंचराव तिकडे निघाले तेवढ्यात बायको स्टेजवरून उतरून आली. चेहऱ्यावर अजून दिवे पडल्यासारखं तेज होतं.

"अहो, बाबांना शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द कळला! मघाशी डॉक्टर सांगत होते, मी गायला लागले तेव्हा मागचं सगळं बंद होतं म्हणून. नुसत्या पुढच्यावर माझा आवाज तिथवर गेला. खरं का हो?"

इंचरावांनी तोंड उघडलं. चोवीस मीटर, बारा मिलिसेकंद, कान कसा फसतो, पातळी किती खाली ठेवायची असते, सगळं जिभेच्या टोकावर उभं होतं. माइकवाल्यांचे हात थांबले आणि त्यांनी मान वर करून पाहिलं.

"हो," इंचराव म्हणाले. "बंदच होतं. तुझाच आवाज तो."

 पदराने तिने कपाळ टिपलं. मग एकदम तिच्या भुवया जवळ आल्या.

"मग पंधरा दिवस तुम्ही नेमकं करत काय होतात?"

"साहेब," मागून माइकवाले म्हणाले, "जरा हे टोक धरता का?"

इंचराव लगबगीने गेले आणि त्यांनी केबलचं टोक धरलं.